मास्तरांचं जहाज

लंडनच्या ईलिंगमधल्या त्या घरात मला खोली मिळाली ती परीक्षेत नापास होऊन.

बेल वाजवली तर एक उंच, वाळका म्हातारा दारात आला. अंगात भगभगीत पिवळा स्वेटर, पायात चिखलाने माखलेले बूट आणि चेहराभर देवीचे व्रण. "नमस्कार, खोलीसाठी फोन केला होता," एवढं मी म्हणतेय तोवर त्यांनी विचारलंसुद्धा, "पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे आमटी तिखट कशाने करायचे?"

आता मी विचारणार होते भाडं किती आणि गरम पाणी असतं का, तर हा प्रश्न! मी पडले कोल्हापूरची. म्हटलं, "मिरचीनं. दुसऱ्या कशानं करणार?"

"नापास. मिरी. मिरी, आलं, पिंपळी. मिरची तेव्हा समुद्रापलीकडे होती. तुमच्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांनी ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती."

कोल्हापूरच्या माणसाला तोंडावर सांगायचं, की मिरची तुमची नाही! माझं डोकंच फिरलं. हातातली बॅग खाली न ठेवता मी दारात उभ्या उभ्या भांडले. आमचा ठेचा, आमचा तांबडा रस्सा, आमची लवंगी, सगळं काढलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भांडता चांगलं. या आत. चहा घेणार ना? तो चीनचा."

ते मास्तर. सगळं ईलिंग त्यांना मास्तरच म्हणायचं. तिथल्याच एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, आणि मी राहायला गेले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणजे ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररीत कामाला होते. मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एकुलती एक मुलगी ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होती. घरात मास्तर, मी आणि इतिहास. तिघांत सगळ्यात जास्त जागा इतिहासाला.

आमच्या स्वयंपाकघरात दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर चिठ्ठी: 'जहाजाआधी'. खालच्या फळीवर: 'जहाजानंतर'. जहाज म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी गोऱ्यांचं अमेरिकेला गेलेलं ते पहिलं. वर तांदूळ, तूरडाळ, हळद, मोहरी, मिरी. खाली तिखट, बटाटे, टोमॅटोचे डबे, मक्याचं पीठ, काजू, साबुदाणा. बाजारातून काहीही आणलं की आधी विचार करायचा, हे कुठलं? एकदा मी थकूनभागून आले आणि तिखटाची पुडी हळदीशेजारी ठेवून झोपले. सकाळी पाहते तर पुडी खालच्या फळीवर, आणि तिच्यावर नवी चिठ्ठी: 'मी पोर्तुगिजांबरोबर आले'. असा राग आला म्हणून सांगू! पण हसूही आलं.

बटाटेवडा तर त्यांचा आवडता बळी. घरी कोणी पाहुणा आला, की वडा बशीत ठेवून म्हणायचे, "आता ह्यातून बटाटा काढा. मिरची काढा. काय उरलं? नुसतं बेसन आणि अभिमान." आणि स्वतः चार-पाच वडे उडवायचे. खाण्यात त्यांचा कुठलाच दुजाभाव नव्हता. कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात रांगेत उभं राहून ते पुढच्या गोऱ्याला सांगायचे, की बाबा रे, बटाटा यायच्या आधी तुझे पूर्वज सलगम चावत होते. तो गोरा बिचारा "इज दॅट राइट?" म्हणून पुढे सरकायचा.

फक्त शेंगदाणे कुठल्याच फळीवर नव्हते. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण विचारलं नव्हतं. असेल पित्ताचा त्रास, म्हटलं.

पहिल्या वर्षी महाशिवरात्रीला सकाळी मी खिचडी करायला घेतली. दाणे मीच आणले होते. कढई तापली, दाणे तडतडायला लागले, खमंग वास सुटला, आणि मास्तर पेपर टाकून उठले ते थेट मागच्या अंगणात. फेब्रुवारीतली थंडी, अंगात कोट नाही, आणि घराकडे पाठ करून उभे. मी गॅस बंद केला आणि त्यांचा कोट घेऊन मागे गेले.

"मास्तर, अहो, काय झालं? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही," ते म्हणाले. कोट त्यांनी हातातच धरला. "मी सहा-सात वर्षांचा असेन. मामाच्या गावाहून बैलगाडीतून घरी आलो. धाकट्या बहिणीसाठी मामाने शेंगांची पिशवी दिली होती. शेंगा बघून ती नाचली. आणि काही दिवसांत मला ताप भरला. अंगभर देवी. मामाच्या गावात साथ शिरली होती, कोणाला पत्ता नव्हता. मी उठलो. मग तिला आल्या."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"घरात देवी आल्या की तेव्हा फोडणी बंद, भाजणं-तळणं बंद. देवीला खपत नाही म्हणायचे. आणि ती पोर पडल्या पडल्या एकच म्हणायची, दादाने आणलेले दाणे भाजून द्या ना. आई म्हणायची, देवी उतरू देत बाळ, मग देते. त्या उतरल्याच नाहीत."

"अहो, पण तुम्ही केवढे होता! सहा वर्षांच्या पोराला काय कळणार?"

"जहाजालाही कळत नव्हतं," मास्तर म्हणाले. "त्या बैलगाडीतून शेंगाही आल्या आणि देवीही आल्या. दोन्ही मीच आणलं. लोकांना वाटतं म्हातारा पुस्तकातलं बोलतो. पण कोल्हापूरकर, जगाच्या इतिहासातलं एक जहाज मला आतून माहीत आहे."

मला रडू आवरेना. ते पाहून त्यांनीच कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "चला, आज मंडळात भाषण आहे माझं. उशीर नको."

भाषण कोणी ठेवलेलं नव्हतं. मास्तर ते दरवर्षी आपणहून करायचे. आमच्या मराठी मंडळाचा महाशिवरात्रीचा फराळ चर्चच्या हॉलमध्ये असायचा. पानं वाढून झाली, लोकांनी घास उचलला, की मास्तर उभे.

"मंडळी, पहिल्या घासाआधी जरा पानाकडे बघा. साबुदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा. रताळं तिकडचं, दाणे तिकडचे, मिरची तिकडची. राजगिऱ्याचा लाडू खुशीत घेतलाय ना कुलकर्ण्यांनी? तोही तिकडचा! एक वरी तेवढी आपली. ज्यांनी उपासाचे नेम केले त्यांनी धान्य वर्ज्य केलं. बटाटा त्यांना ठाऊकच नव्हता, तर बंदी कशी घालणार? पठ्ठ्या मागच्या दाराने आला आणि थेट देवघराशेजारी जाऊन बसला."

"मास्तर, खिचडी गार होतेय," अध्यक्षीणबाई ओरडल्या. "प्रत्यक्ष शंकराला चालतंय, तुम्हालाच काय धाड भरलीय?"

हॉल हसला. मास्तरही हसले. पण बसले नाहीत. आवाज उतरवून म्हणाले, "जहाज रिकामं जात नसतं. जाताना ते देवी घेऊन गेलं, गोवर घेऊन गेलं. येताना हे घेऊन आलं. तिकडच्या लोकांनी देवी कधी पाहिल्या नव्हत्या. गावंच्या गावं ओस पडली. पेरणारे गेले आणि बियाणं राहिलं. त्या बियाणातलं आपण खातोय. तेव्हा जरा आठवण ठेवून खा, एवढंच."

इतर वर्षी लोक हे ऐकून माना डोलवायचे आणि खिचडीवर तुटून पडायचे. मीही तशीच तुटून पडले असते. पण त्या दिवशी सकाळचं ऐकलेलं होतं, आणि खिचडीतले दाणे मी एकेक करून पानाच्या कडेला काढत बसले.

मास्तरांचं खरं राज्य म्हणजे अलॉटमेंट. कौन्सिल लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने देते, तसला एक तुकडा त्यांच्याकडे होता. मका, बटाटे, लाल भोपळे, टोमॅटो, काचेच्या खोपटात मिरच्या. सगळं जहाजानंतरचं. शेजारच्या तुकड्यात एक आयरिश म्हातारा कोबी लावायचा. दोघांची दोस्ती झाली ती एका पावसाळी जुलैत. बटाट्याच्या पानांवर एकाएकी काळे डाग आले आणि बघता बघता सगळा वाफा काळा पडून सडला. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि म्हणाला, "ह्यानेच दुष्काळ पडून आमची माणसं मेली आणि उरली ती बोटीत बसली." मास्तर म्हणाले, "हा रोगसुद्धा बोटीनेच आला होता." मग दोघांनी मिळून तो वाफा उपटला, जाळला, आणि धुराकडे बघत एका थर्मासमधला चहा प्याले. तेव्हापासून त्यांचं कधी फाटलं नाही.

आणि इथेच, ह्या तुकड्यावर, दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला मास्तर एक पान वाढायचे.

स्वयंपाक स्वतः करायचे. वडे, तांदळाची खीर, कढी, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. सगळं शास्त्रोक्त, सगळं वरच्या फळीवरचं. मिरचीच्या जागी मिरी. लाल भोपळा श्राद्धाला चालतो म्हणतात, पण मास्तर त्यालाही बाहेर ठेवायचे. "तो खोटे कागद दाखवून आत शिरलाय," म्हणायचे. साउथॉलच्या देशी बाजारातून केळीचं पान आणायचं, खोपटाशेजारी पाटावर मांडायचं, आणि त्यावर दोन वाढण्या. मोठी तिकडच्या पेरणाऱ्यांसाठी, ज्यांच्या मागे पाणी द्यायला कोणी उरलं नाही. आणि कोपऱ्यात एक चिमुकली, बहिणीसाठी.

मग कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवेपर्यंत मास्तर अन्नाला हात लावायचे नाहीत.

आणि कावळा शिवायचा नाही! ईलिंगचे कावळे शहाणे. कुंपणावर बसून बघायचे आणि उडून जायचे. एकदा सीगल येऊन वडा घेऊन गेला, तर मास्तरांनी तो बाद ठरवला: "हा नुसता खादाड. ह्याला पितरांचं काय?" मी एकदा सुचवलं, की दर्भाचा कावळा करून शिववतात, तसं करू. तर माझ्यावरच उखडले. "पाचशे वर्षं त्यांना फसवलं, आता मीही फसवू?" आपल्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्याला वचन देतात, मुलांना सांभाळू, शेत विकणार नाही. तसे मास्तर हात जोडून पानासमोर उभे राहायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "तुमचा इतिहास मुलांना शिकवीन." निवृत्त झाल्यावर म्हणायचे, "मंडळात सांगीन." कुंपणापलीकडून आयरिश म्हातारा विचारायचा, "नो कस्टमर्स येट?" संध्याकाळ व्हायची, अंधार पडायचा, मास्तर उपाशी घरी यायचे. दुसऱ्या दिवशी कोणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्या मनात काय चाललंय हे मला त्या फेब्रुवारीपासून पक्कं ठाऊक होतं. बहीण रुसलीय.

पुढे त्यांना डायबिटीस झाला आणि हे सगळं गमतीचं राहिलं नाही. एका अमावास्येला दुपारी भोवळ येऊन ते शेजारच्या कोबीत आडवे झाले. आयरिश म्हाताऱ्याने साखरेचा चहा पाजून जागं केलं. हे ब्रिस्टलला कळलं आणि मुलीने तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत फोनवर निकाल दिला: "बाबा, नेक्स्ट इयर तुमचा हा ड्रामा मी बघायला येणार. परत असा झाला, तर घर सेल करायचा आणि तुम्ही माझ्याकडे राहायचं. नो आर्ग्युमेंट."

मास्तरांच्या जिवाला तो मोठा घोर लागला. घर गेलं असतं तरी चाललं असतं, पण तो तुकडा? तो मका, ते पान? "तिथे बाल्कनी आहे म्हणते," मला सांगायचे. "बाल्कनीत कोणाला जेवायला बोलावू?"

त्या वर्षीच्या अमावास्येला मुलगी सकाळीच गाडी घेऊन हजर. आम्ही तिघं अलॉटमेंटवर गेलो. पान वाढलं. उदबत्ती लावली. कुंपणावर दोन कावळे आले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि गेले. दुपार झाली. मुलगी सारखी घड्याळ बघत होती. मास्तरांच्या कपाळावर घाम, हात थरथरत होते. मी म्हटलं, "मास्तर, एक घास खा हो, तुम्हाला माझी शपथ." मान हलवली नुसती. माझा तर धीरच सुटला. आज हा माणूस पडणार, आणि उद्या ह्या जागेला कुलूप लागणार.

मुलगी त्यांच्यासमोर मातीत गुडघे टेकून बसली. मला वाटलं आता ओरडणार. पण ती पानाकडे बघत होती.

"बाबा, हा जेवण कोणासाठी आहे?"

"तिकडच्या लोकांसाठी. ज्यांनी मका, बटाटा लावला. आणि ही छोटी वाढणी तुझ्या आत्याची."

"त्या लोकांनी हा वडा कधी खाल्ला होता?"

"नाही."

"मग त्यांना त्यांचा फूड का नाही देत? सगळा इथेच तर आहे." आणि तिने हात केला. मका, टोमॅटो, भोपळे, मिरच्या.

"अगं, ते श्राद्धाला चालत नाही."

"कोणाच्या श्राद्धाला? तुमच्या आजोबांच्या. हे लोक काय तुमचे आजोबा आहेत?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलं. मीही. इतकी वर्षं हा माणूस सगळ्या ईलिंगला सांगत फिरला, मका त्यांचा, मिरची त्यांची. आणि त्यांनाच जेवायला बोलावून दरवर्षी वाढलं काय, तर मिरी घातलेली कढी! अशी चूक आपल्याच माणसाने करावी. पाहुण्यांसाठी सोवळं पाळायचं आणि पाहुण्यांना उपाशी ठेवायचं.

मी धावले. मक्याचं कणीस मोडून आणलं, दोन मिरच्या, एक टोमॅटो, आणि पानावर ठेवलं.

"आणि आत्याला काय आवडायचं?" मुलीने विचारलं.

मास्तरांनी तिला कधीच काही सांगितलेलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले. मग मीच म्हटलं, "भाजलेले शेंगदाणे."

"ओह!" मुलीने पर्स उघडली. आतून खाऱ्या दाण्यांचं पाकीट निघालं. "सकाळी पेट्रोल घेताना घेतला होता. हे चालेल?"

मास्तरांनी ते पाकीट दोन्ही हातांत घेतलं. "भाजलेले आहेत?"

"येस बाबा. रोस्टेड अँड सॉल्टेड."

त्यांच्याने ते फाटेना. मुलीने दातांनी फाडून दिलं. मास्तरांनी वाकून सगळे दाणे त्या चिमुकल्या वाढणीवर ओतले आणि हात जोडले. ह्या वेळी वचन काही दिलं नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

तेवढ्यात खोपटाच्या छपरावरून काहीतरी करडं सुळकन खाली आलं. खार! झुपकेदार शेपटी उडवत ती पाटाशी आली, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि कोपऱ्यातला एक दाणा दोन्ही हातांत धरून खायला बसली.

"गेट आउट ऑफ इट!" कुंपणापलीकडून आयरिश म्हातारा फावडं उगारून धावला. त्याचा या खारींवर भारी राग.

"डोन्ट यू डेअर!" मास्तर असे गरजले, की फावडं हवेतच राहिलं. मघाशी ज्यांच्या अंगात त्राण नव्हतं, ते हेच का, असं मला वाटलं.

"पण मास्तर," मी हळूच म्हटलं, "कावळा नाही हो हा. चालतं का?"

"चालतं म्हणजे काय? त्यांच्याच गावची आहे ती. करडी खार अमेरिकेची. कोणा हौशी गोऱ्याने जहाजातून आणून सोडली इकडे." आणि मग, आम्ही तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाले, "खा गं. सावकाश खा. भाजलेले आहेत."

खारीने दुसरा दाणा उचलला. मुलीने डब्यातला एक वडा काढून बापाच्या तोंडाशी नेला. मास्तरांनी तो मुकाट्याने खाल्ला.

घर विकायची गोष्ट परत निघाली नाही. पुढल्या महाशिवरात्रीला सकाळी मी अजून अंथरुणातच होते, तर खालून खमंग वास आला. धावत जिना उतरले. स्वयंपाकघरात पिवळा स्वेटर घालून मास्तर कढईपाशी उभे होते, हातात उलथनं, आणि चिठ्ठी नसलेला दाण्यांचा नवा डबा शेजारी.

"कोल्हापूरकर," मागे न बघता ते म्हणाले, "इथेच उभ्या राहा जरा. करपायला लागले तर सांगा. मला सवय नाही."